एकसष्ट नंबरची हत्तीण

ज्या कारखान्यात हत्तीण बनायची तो बंद पडून एकतीस वर्षं झाली, तरी तिच्यावर जीव टाकणाऱ्यांचं खूळ काही उतरलं नव्हतं. हत्तीण म्हणजे लाकूड चिरायचं यंत्र हो, दुसरं काही नाही. लोखंडी टेबल, त्याच्या फटीतून वर डोकावणारं गोल दातेरी पातं आणि पोटात मोटर. असं टेबल सॉ आज कुठल्याही दुकानात मिळतं, हलकं, सुबक, दोघांनी उचलून गाडीत टाकावं असं. हत्तीण उचलायला सहाजण लागायचे. सगळी बिडाची, रंगाने करडी, आणि भुसा बाहेर पडायला पुढे सोंडेसारखं वाकडं तोंड. कारखान्याने तिला काहीतरी आकड्याबिकड्यांचं नाव दिलं होतं, पण ते कोणाच्याही जिभेवर बसलं नाही. सुतारांनी तिला हत्तीण म्हटलं आणि ती हत्तीणच झाली.

ही यंत्रं ज्यांच्याकडे उरली होती ते वर्षातून दोनदा एकमेकांच्या दुकानात जमायचे. जमून काय करायचे? तर टेबलावर एक नाणं कडेवर उभं करायचे आणि यंत्र चालू करायचे. नाणं पडलं नाही की सगळे टाळ्या पिटायचे. नातवंडं झालेली माणसं, पण नाणं उभं राहिलं की डोळ्यांत पाणी! बाकीचं जग त्यांना वेडं म्हणायचं, आणि खरं सांगायचं तर जगाचं त्यात काही चुकत नव्हतं.

या वेड्यांचा म्होरक्या म्हणजे वैद्य. धंद्याने सुतार, दारं-कपाटं करण्यात उभी हयात गेलेली, पण कोणाची हत्तीण आजारी पडली की हाच पिशवी घेऊन धावायचा, म्हणून सगळे त्याला वैद्य म्हणत. वैद्याची स्वतःची हत्तीण दोनशे बारा नंबरची. तिला तो दर रविवारी मेण लावायचा. त्याची बायको म्हणायची, "सवत परवडली असती. निदान ती दोन भांडी तरी घासायला आली असती."

आता नंबरांचं काय ते सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथेच आहे. प्रत्येक हत्तिणीच्या कपाळावर रुपयाएवढा गोल पितळी बिल्ला असायचा, दोन रिबिटांनी ठोकलेला, आणि त्यावर तिचा नंबर. वैद्याचं म्हणणं असं की पहिली तीनशे यंत्रं जुन्या ओतकाम्याच्या हातची; तीच खरी. पुढे मालक बदलला, हात आखडता झाला आणि मग जे निघालं ते नुसतं लोखंड. हे त्याला कोणी सांगितलं? कोणी नाही. पण तो इतक्या ठासून बोलायचा की हळूहळू सगळ्यांनाच ते पटलं. पहिल्या तीनशेतला बिल्ला ज्याच्याकडे, तो पुढच्या रांगेत. बाकीचे मागे उभे राहून मान हलवायचे.

अकरा वर्षांपूर्वी या मंडळींत रेडिओ आला. रेडिओ म्हणजे वैद्याचा उमेदवारीपासूनचा मित्र, टेबलं-खुर्च्या करणारा. अखंड बोलायचा म्हणून रेडिओ. रंधा मारताना बोलायचा, सरस लावताना बोलायचा, तोंडात स्क्रू धरलेले असले तरी त्यांच्या फटीतून बोलायचा. त्याने कुठूनतरी एक हत्तीण पैदा केली आणि मोठ्या हौसेने सगळ्यांना आपल्या दुकानात बोलावलं. वैद्याने वाकून बिल्ला वाचला. एक हजार नऊशे चार.

"अरे लेका," वैद्य सरळ होत म्हणाला, "ही कसली हत्तीण? ही तर म्हैस!"

हसून हसून सगळ्यांच्या पोटात दुखलं. रेडिओही हसला, सगळ्यांत मोठ्याने. त्याच्या हत्तिणीवर नाणं उभं राहिलं की नाही हे कोणी पाहिलंसुद्धा नाही. त्या दिवसापासून त्याचं नाव म्हशीवाला पडलं. मंडळींत मागच्या नंबरांचे आणखी तिघेजण होते. म्हशीवाला व्हायला नको म्हणून त्यांनी वर्षाच्या आत आपापली यंत्रं भंगारात घातली. वैद्याला त्याचं काही वाटलं नाही. उलट तण निघालं म्हणून बरंच वाटलं.

पुढे दोन वर्षं रेडिओ जमायला आला नाही. तिसऱ्या वर्षी त्याचा निरोप आला: म्हैस विकली, खरी हत्तीण मिळाली, या. सगळे गेले. बिल्ल्यावर नंबर होता एकसष्ट. एकसष्ट! वैद्याच्या दोनशे बाराच्याही कितीतरी आधीचा. वैद्याच्या पोटात जरा दुखलं, नाही असं नाही, पण माणूस दिलदार होता. त्याने टेबलावर नाणं उभं केलं, यंत्र चालू केलं, आणि डोळे मिटून ऐकलं.

"ऐका," तो सगळ्यांना म्हणाला. "ती म्हैस घशातून ओरडायची. ही पोटातून बोलतेय. फरक कानाला कळतो."

सगळ्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि सगळ्यांना फरक कळला. नाणं जागचं हललं नाही. वैद्याने रेडिओला मिठी मारली. रेडिओ खाली मान घालून उभा होता, एक शब्द बोलला नाही. वैद्याला वाटलं, आनंदाने घसा दाटलाय.

हे सगळं जुनं झालं. या वर्षी थंडी सरता सरता रेडिओ चहाचा कप हातात असतानाच कोसळला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. ज्याच्या तोंडाला कधी कुलूप नव्हतं त्याच्या तोंडून एक अक्षर फुटेना. लिहावं म्हटलं तर डाव्या हाताने नुसत्या रेघोट्या उमटायच्या. काही आठवड्यांनी इस्पितळातून घरी आणलं, आणि एक दिवस वहिनींचा, म्हणजे रेडिओच्या बायकोचा, वैद्याला फोन आला. "भावजी, एकदा येऊन जाता का?"

वहिनींनी त्याची खाट दुकानाला लागून असलेल्या खोलीत हलवली होती. मधल्या भिंतीत खिडकी होती, तिच्यातून पडल्या पडल्या हत्तीण दिसायची. रेडिओ उशीत रुतलेला. गालफडं बसलेली, शर्टात माणूस आहे की हँगर आहे कळू नये.

"डॉक्टर म्हणतात, घशाला काही झालेलं नाही," वहिनी दारापाशी हळू आवाजात म्हणाल्या. "गिळता येतं. पण हे तोंडच उघडत नाहीत. काल दिवसभरात चार चमचे गेले. नळी घातली होती तर ती उपटून टाकली. डॉक्टर म्हणाले, इच्छाच नाही तर आम्ही काय करणार? असंच चाललं तर महिना काढणार नाहीत हो."

वैद्याने हातातली पिशवी खाली ठेवली.

"माझ्या मनात एक आलंय," वहिनी म्हणाल्या. "हसू नका. ती बंद पडलीय. वर्ष होत आलं. बंद पडली तेव्हापासूनच हे गप्प गप्प झाले होते. दिवसभर खिडकीतून तिच्याकडेच बघत असतात. तिचा आवाज कानावर पडला, तर कदाचित दोन घास खातील."

"वर्ष? वर्षभर बंद आहे आणि मला कळवलं नाही?"

"मी म्हटलं होतं, वैद्यभावजींना बोलवा. नको म्हणाले. दुसऱ्या कोणालाही बोलव म्हणाले, त्याला नको."

वैद्याला ते लागलं. पण त्याने स्वतःची समजूत घातली: आपली कंबर दुखते, आपल्याला त्रास नको म्हणून नको म्हणाला असेल. जिवाचा दोस्त आहे. तो खाटेपाशी गेला आणि रेडिओच्या कानाशी वाकला.

"लेका, आठ दिवस. आठ दिवसांत तिला बोलती करतो. मग तुझी पाळी."

रेडिओचे डोळे मोठे झाले. डावा हात पांघरुणातून बाहेर आला, छातीवर गेला, आणि शर्टाचं दुसरं बटण चिमटीत धरून ओढू लागला. ओढायचा, सोडायचा, पुन्हा ओढायचा. नजर वैद्यावर खिळलेली.

"उकडतंय वाटतं," म्हणत वहिनींनी पंखा वाढवला.

त्या संध्याकाळी त्यांचा पुन्हा फोन आला. बोलता बोलता रडत होत्या. "भावजी, अर्धी वाटी खाल्ली! स्वतःहून तोंड उघडलं!" वैद्याने फोन ठेवला आणि बायकोला म्हणाला, "बघ, सवत सवत म्हणतेस तिला." बायकोही त्या दिवशी काही उलट बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी वैद्य पोचला तर दुकानात हत्तिणीखाली दोन पाय दिसत होते. गल्लीतला फिटर. पिठाच्या गिरण्या, पंप, मिळेल ते दुरुस्त करणारा, हत्तिणीची भक्तीबिक्ती काही नसलेला साधा माणूस. वहिनींनी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं. तो चाकूने कुठलासा रंग खरवडायच्या बेतात होता.

"ए, ए! हात लावू नकोस!" वैद्य ओरडला. "मूळचा रंग आहे तो. कारखान्यातला!"

फिटर बाहेर आला, अंगावरचा भुसा झटकला. "पाळण्याचं बेअरिंग बसलंय. पाळणा बाहेर काढल्याशिवाय ते बदलता येणार नाही."

पाळणा म्हणजे पात्याचा आस ज्यात झुलतो तो बिडाचा तुकडा. टेबलाखाली एका पोलादी खुंटीवर तो अडकवलेला असतो. ही खुंटी एका टोकाला किंचित जाड, दुसऱ्या टोकाला किंचित बारीक. बारीक टोकावर ठोकलं की सुटते. जाड टोकावर ठोकलं तर पाचरीसारखी आणखी घुसते, आणि मग बीड फुटतं. आणि बीड फुटलं की फुटलं, त्याला लोखंडासारखं जोडता येत नाही. दोन्ही टोकं घासून सपाट केलेली, वर रंगाचा थर; नुसतं बघून जाड कुठलं आणि बारीक कुठलं कळत नाही.

"मला काय माहीत कुठून ठोकायची," फिटर म्हणाला. "म्हणून रंग काढून मापत होतो. पाच मिनिटांचं काम आहे."

"मापायचं काय त्यात?" वैद्याने बिल्ल्यावर बोट ठेवलं. "वाच. एकसष्ट. पहिल्या तीनशेत बारीक टोक डावीकडे, पुढच्यांत उजवीकडे. हे शेंबड्या पोराला कळतं आमच्यात."

"मला तुमच्यातलं काही माहीत नाही," फिटर म्हणाला. "मी मापतो." आणि पिशवी उचलून निघून गेला. भांडला नाही, रागावला नाही. वैद्याला तर सुटल्यासारखंच वाटलं. आता हत्तीण आणि तो, मध्ये कोणी नाही.

दोन दिवस त्याने डोळ्यांत तेल घालून काम केलं. पातं उतरवलं, पट्टे काढले, मोटर खाली घेतली, प्रत्येक बोल्ट डबीत टाकून डबीवर चिठ्ठी लावली. मध्येच खिडकीतून रेडिओला ओरडून सांगायचा, "मोटर झकास आहे रे! धूळसुद्धा नाही!" आणि दर वेळी रेडिओची चिमूट बटणावर. ओढायचा, सोडायचा, पुन्हा ओढायचा. वहिनी चमचा घेऊन बाजूला बसायच्या आणि चार घास जायचे. एकदा तर त्याने चमचा रिकामा होताच स्वतः तोंड पुढे केलं. वहिनींच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी रंग दिसला. वैद्य रात्री घरी जाऊन शांत झोपायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी वैद्य खोलीत डोकावला तेव्हा बटण तुटून आलं होतं. रेडिओने ते डाव्या तळहातावर ठेवलं आणि हात वैद्याकडे लांब केला.

"बक्षीस देतोस काय?" वैद्य हसला. "काम तर होऊ दे आधी!" त्याने बटण खिशात टाकलं आणि रेडिओच्या खांद्यावर थोपटलं. "आज पाळणा काढतो. दुपारपर्यंत ऐकशील."

तेव्हा रेडिओच्या घशातून आवाज निघाला. शब्द नाही, नुसता आवाज, ओला, लांबलचक. वहिनी स्वयंपाकघरातून पदर खोचत धावत आल्या. "बोलले? काय बोलले?"

"बोलला नाही अजून, पण घसा उघडला!" वैद्य म्हणाला. "आवाज निघाला, वहिनी! बघा तुम्ही, बघाच आता!" दोघांना हसावं की रडावं कळेना. रेडिओ तसाच आवाज काढत राहिला, डोक्याने उशी घुसळत राहिला, आणि ही दोघं शहाणी माणसं आनंदाने एकमेकांकडे बघत राहिली. काय म्हणावं आता!

वैद्य हत्तिणीखाली शिरला. शिरण्याआधी सवयीने बाहीने बिल्ला पुसला. एकसष्ट. बारीक टोक डावीकडे. त्याने डाव्या बाजूला सुंभा, म्हणजे खुंटी ठोकून काढायचा पोलादी दांडा, लावला आणि हातोडी मारली. खुंटी हलली नाही. पुन्हा मारली. नाही. जुनी आहे, गंजून बसली असेल, असं म्हणत त्याने तेल सोडलं, थोडं थांबला, आणि मोठी हातोडी घेतली.

बीड फुटल्याचा आवाज काही मोठा नसतो. कपाला चमचा लागावा एवढाच. पण जो आयुष्यात एकदा तो ऐकतो तो विसरत नाही. वैद्याच्या हातातली हातोडी तशीच राहिली. शेजारच्या खोलीतला आवाजही त्याच क्षणी थांबला.

पाळण्याला आरपार तडा गेला होता, बोट फिरवलं तरी कळत होता. मग त्याने चाकू काढला आणि जे पाच मिनिटांचं काम होतं ते केलं. रंग खरवडला, मापलं. डावं टोक जाड. पुन्हा मापलं. जाडच. तो बाहेर आला, पेचकस घातला आणि बिल्ला उचकटला. बिल्ल्याखाली दोन भोकांऐवजी चार भोकं होती. दोन रिबिटांची, आणि दोन जुनी, मेण आणि भुसा भरून बुजवलेली.

वहिनी चहा घेऊन आल्या. "झालं का?"

"वहिनी, याने ती जुनी कोणाला विकली होती हो?"

"कुठली जुनी?"

"आधीची. ती... पहिली हत्तीण. ही आणायच्या आधीची."

वहिनींनी चहा खाली ठेवला. "भावजी, आमच्याकडे एकदाच आलं यंत्र. अहो, भिंत पाडून आत घेतलं होतं आणि मग पुन्हा बांधली भिंत. या एवढ्याशा दारातून ते बाहेर जाईल कसं नि दुसरं आत येईल कसं?"

वैद्याने दाराकडे पाहिलं. अकरा वर्षं तो त्या दारातून खांदा आक्रसून आत येत होता. ते दार किती अरुंद आहे हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. अख्ख्या मंडळींतल्या एकाच्याही आलं नव्हतं. आणि म्हणे मापाशिवाय खिळा ठोकत नाहीत!

"हा बिल्ला मात्र यांनी कुठूनसा मिळवला होता," वहिनी सांगत होत्या. "तुम्ही सगळे येऊन गेलात ना पहिल्यांदा, त्यानंतर दोन-चार दिवस धड जेवले नाहीत. विचारलं तर म्हणायचे, काही नाही, पोट बिघडलंय. मग भंगारवाल्यांकडे खेटे घालायला लागले. एक दिवस हा बिल्ला घेऊन आले आणि लहान मुलासारखे खूश. मला वाटलं, शोभेचा आहे."

वैद्याने कपाळावरचा घाम पुसायला रुमाल काढला तर रुमालासोबत बटण हाताला लागलं. गोल, मध्ये दोन भोकं. दुसऱ्या हातात बिल्ला होता. गोल, दोन भोकं. आणि त्याला एकदम सगळं कळलं: ती चिमूट, ती ओढाताण, तो लांब केलेला हात. काढ ते. खोटं आहे, काढ. तीन दिवस माणूस जीव तोडून सांगत होता आणि वैद्य म्हणत होता, बक्षीस देतोस काय! वर्षभर यंत्र बंद राहू दिलं पण वैद्याला बोलावलं नाही, कारण वैद्य पाळणा काढेल आणि बिंग फुटेल. म्हशीवाला हे नाव पुन्हा चिकटेल. वैद्य पुन्हा वाकून पाळण्याच्या तड्याकडे बघू लागला.

"भावजी, काय झालं? फुटलं का काही?"

"फुटलं," वैद्य म्हणाला. "मी फोडलं."

पुढचे चार दिवस त्याने जंग जंग पछाडलं. मागच्या नंबरांचा पाळणा हवा होता. पहिल्या तीनशेतला त्यात बसत नाही, बोटभर आखूड पडतो. त्याने त्या तिघांपैकी एकाला, खिडक्या करणाऱ्याला, फोन केला. त्याच्याकडे पूर्वी एक हजार सातशेचा नंबर होता.

"माझी?" खिडक्यावाला म्हणाला. "ती तू सांगितल्यावर भंगारात नाही का घातली? तण म्हणाला होतास."

दुसऱ्यानेही तेच सांगितलं. तिसऱ्याची तर वैद्याने स्वतः घण घालून फोडली होती, हसत हसत. ओतशाळेत विचारलं, तर नवा पाळणा करायचा म्हणजे आधी लाकडाचा साचा, मग ओतकाम, मग तासकाम, दीड महिना. रेडिओकडे दीड महिना नव्हता. हातोडी पडली त्या दिवसापासून त्याने तोंड मिटलं होतं. वहिनी चमचा ओठाला लावायच्या, ओठांवरून ओघळून सगळं हनुवटीवर यायचं. शेवटी वैद्य लाज गिळून फिटरकडे गेला. फिटरने तडा वेल्डिंगने सांधून पाहिला. तडा तिथून निघून दुसरीकडे पळाला. "मापलं असतं तर..." एवढंसुद्धा तो म्हणाला नाही. तो म्हणाला असता तर वैद्याला बरं वाटलं असतं.

मग वैद्याने ठरवलं, आपली न्यायची. दोनशे बारा. सहाजणांनी उचलून ती गाडीत घातली आणि रेडिओच्या अंगणात, त्याच्या खोलीच्या मागच्या खिडकीखाली उतरवली. दारातून आत जाणं शक्यच नव्हतं. मधली खिडकी बंद केली, मागच्या खिडकीला पडदा लावला, आतून वायर ओढली. वैद्याने वहिनींना शिकवून ठेवलं: सांगा, तुमचीच दुरुस्त झाली. त्याला काय कळणार? मला तरी कुठे कळलं होतं?

सकाळचे दहा वाजले असतील. वैद्याने सवयीने टेबलावर नाणं उभं केलं आणि बटण दाबलं. दोनशे बारा गरजली. जमीन धरून, खालच्या आवाजात, एकसारखी. नाणं तसूभर हललं नाही. वैद्य पडद्याच्या फटीतून आत बघू लागला. जीव टांगणीला लागलेला.

रेडिओने डोळे उघडले. चार दिवसांत पहिल्यांदा.

"ऐकताय ना?" वहिनी त्याच्या कानाशी वाकून म्हणाल्या. "तुमची हत्तीण. भावजींनी केली चालू. आता एक घास घ्या बघू." चमचा ओठांपाशी नेला.

रेडिओ ऐकत होता. कपाळाला एक आठी पडली, अगदी बारीक, फळीतली गाठ हाताने चाचपताना पडायची तशी. क्षणभर ओठ विलग झाले, वहिनींनी चमचा आणखी पुढे केला. मग त्याने मान हलवली. एकदाच, डावीकडून उजवीकडे. नाही. ही ती नव्हे. आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

याला कळत होतं! डोळे मिटून 'पोटातून बोलतेय' असल्या बाता वैद्य मारायचा, आणि फरक खरोखर कळत होता तो या एकट्याला. अकरा वर्षं त्याने एकच आवाज ऐकला होता, म्हैस असतानाही तोच आणि हत्तीण झाल्यावरही तोच.

वैद्याने बटण दाबून यंत्र बंद केलं. नाणं अजून उभंच होतं. ते तसंच ठेवून तो आत आला आणि खाटेपाशी खाली बसला.

"ऐक रे," तो म्हणाला. "मला काही कळत नाही. कधीच कळत नव्हतं. तीनशेच खऱ्या आणि बाकीच्या म्हशी, हे सगळं मीच काढलेलं. तुझी पहिल्यापासून हत्तीणच होती. तेव्हाही नाणं उभं राहिलं असतं, मी बघितलंच नाही. ऐकतोयस ना? हत्तीणच होती."

रेडिओने भिंतीकडचं तोंड वळवलं नाही. वैद्याने बिल्ला त्याच्या डाव्या हातात ठेवला, पण बोटं मिटली नाहीत. बिल्ला घरंगळून चादरीच्या घडीत जाऊन पडला. अंगणात ते सहाजण काहीतरी कुजबुजत उभे होते. आता ती परत उचलायची का, असं विचारायला आत यायचं धाडस कोणाला होईना.

वहिनींनी चमचा वाटीत ठेवला, वाटी झाकली. मग त्यांनी फडताळातून सुई-दोरा काढला.

"भावजी, ते बटण तुमच्याकडे होतं ना? द्या. छाती उघडी राहतेय यांची."

वैद्याने खिशातून बटण काढून दिलं. वहिनींनी ते अंगातल्या शर्टावरच लावलं, चार टाके घालून, आणि दोरा दाताने तोडला. त्यानंतर सहा दिवस रेडिओ जगला. त्या सहा दिवसांत त्याने बटणाला एकदाही हात लावला नाही.